इअरबडवर १९२ किलोहर्ट्झ पोचतच नाही

गाण्यांच्या ॲपबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर असा: ‘ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ क्वालिटी हाय-रेझ लॉसलेस, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ करा. इअरबड ब्लूटूथ ५ च्या पुढचे असतील तर स्टुडिओतला आवाज जसाच्या तसा कानात पोचतो. आकडा जितका मोठा तितका आवाज खुलतो. जुनी एमपी३ गाणी फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. एवढं करूनही फरक कळला नाही तर कान तपासून घ्या.’

लॉसलेस, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधली काहीच माहिती न टाकता साठवलेला आवाज, ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या मेसेजने ती नको तिथे नेऊन लावली आहे. लोक त्यापायी डेटा संपवतात, फोनची जागा भरून बसतात आणि शेवटी स्वतःच्या कानांवर शंका घेतात. म्हणून एकेक विधान तपासून पाहू.

‘ब्लूटूथवरून आवाज जसाच्या तसा पोचतो’

आधी हिशेब करू. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट. हाय-रेझ म्हणजे सीडीच्या वरचा दर्जा; त्यातल्या २४ बिट १९२ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांचा, तोच गुणाकार ९,२१६ किलोबिटांवर जातो. लॉसलेस फाइल साठवताना आकाराने लहान होते, पण वाजवताना फोन ती पूर्ण उलगडतो, त्यात नोटिफिकेशनचे आवाज मिसळतो आणि मग ब्लूटूथसाठी सगळं पुन्हा आवळतो. हे दुसरं आवळणं कोडेक, म्हणजे आवाज आवळण्या-उलगडण्याची ठरलेली पद्धत, करतो, आणि तिथे ॲपची सेटिंग चालत नाही.

एसबीसी हा कोडेक स्टिरिओ ब्लूटूथच्या प्रत्येक उपकरणात असावाच लागतो. त्याची नेहमीची वरची पातळी साधारण ३२८ किलोबिट. एएसी ब्लूटूथवर बहुधा २५६ च्या आसपास चालतो. ॲपटीएक्स ३५२, ॲपटीएक्स एचडी ५७६, आणि सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९०. म्हणजे यातला सर्वात रुंद पाइपसुद्धा सीडीच्या १,४११ ला पुरत नाही, मग ९,२१६ दूरच. हे सगळे कोडेक लॉसी आहेत: काही माहिती टाकून देतात, आणि टाकलेली परत येत नाही.

अपवाद आहे. क्वालकॉमने २०२१ मध्ये ॲपटीएक्स लॉसलेस जाहीर केला. पण तो फोन आणि इअरबड दोन्हींत असावा लागतो, सिग्नल चांगला लागतो, आणि तोही १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे सीडीच्या दर्जापुरताच लॉसलेस आहे. सिग्नल कमी झाला की तो आपोआप लॉसीवर उतरतो. आयफोनवर तर ब्लूटूथने गाणी ऐकताना एसबीसी आणि एएसी एवढेच पर्याय आहेत. ब्लूटूथची जोडणी लॉसलेस नाही, हे ॲपल स्वतःच्याच मदतपानावर सांगतं.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ॲपमधून २५६ किलोबिटांचं लॉसी गाणं आलं आणि ब्लूटूथने ते पुन्हा आवळलं, तर नुकसान दोनदा होतं. मूळ गाणं लॉसलेस असेल तर ते एकदाच होतं. हा फायदा खरा आहे, पण छोटा आहे, आणि तो सीडीच्या दर्जाच्या लॉसलेसमध्येच पूर्ण मिळतो. त्यासाठी १९२ किलोहर्ट्झची गरज नाही.

‘ब्लूटूथ ५ च्या पुढचे’ या शब्दांनीही बराच गोंधळ घातलाय. आवृत्तीचा आकडा आवाजाचा दर्जा सांगत नाही. गाण्यांसाठीची नेहमीची ब्लूटूथ जोडणी २००४ पासून ज्या रेडिओ वेगावर चालते त्यावरच अजून चालते: कागदावर सेकंदाला ३ मेगाबिट, प्रत्यक्षात हाती त्याहून कमी. ५.२ सोबत एलई ऑडिओ ही आवाज पाठवायची नवी पद्धत आणि तिचा एलसी३ कोडेक आला. कमी बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला कमी किलोबिटांत, एसबीसीपेक्षा चांगला आवाज देणं ही त्याची खासियत, पण तोही लॉसीच. शिवाय तो ऐच्छिक आहे. खोक्यावर ५.३ लिहिलंय म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नाही. खोक्यावर आवृत्ती बघण्याऐवजी कोडेकची नावं बघा.

आत्ता कोणता कोडेक चालू आहे ते अँड्रॉइडवर दिसतं. सेटिंग, अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. इअरबड जोडून, गाणं चालू ठेवून त्यात ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’ बघा. एलडॅक असेल तर खाली त्याची क्वालिटी निवडता येते. इथे बरेच जण थेट ९९० करतात आणि मग चालताना, गर्दीत, फोन मागच्या खिशात असताना आवाज तुटायला लागतो. कारण ब्लूटूथ आणि वायफायचा एक पट्टा हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच असतात, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो, आणि आपलं शरीर हे सिग्नल शोषून घेतं. बाहेर फिरताना ६६० किंवा ‘ॲडॅप्टिव्ह’ ठेवा. आणखी एक: काही हेडफोनमध्ये दोन उपकरणं एकाच वेळी जोडायची सोय चालू केली की एलडॅक गुपचूप बंद होतो. कोडेकच्या रकान्यात अचानक एसबीसी किंवा एएसी दिसायला लागला तर आधी ही सोय तपासा.

कॉम्प्युटरवर याहून मोठी गडबड होते आणि तिचा दोष उगाच इअरबडवर जातो. गाणं छान चाललंय, तुम्ही मीटिंगचं ॲप उघडता, आणि त्याच क्षणी आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो: बास गायब, दोन्ही कानांत सारखाच मोनो. कारण ॲपने इअरबडचा माइक मागितला. माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ गाण्यांची जोडणी सोडून कॉलच्या जोडणीवर जातं आणि तिथे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने, ८ किंवा १६ किलोहर्ट्झ असतो. उपाय साधा आहे. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट इअरबडवर राहू द्या, इनपुट मात्र लॅपटॉपच्या माइकवर ठेवा. सेटिंग १९२ ची, आणि कानात आलं १६ चं: अशा जोडणीत ॲपमधल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

‘आकडा जितका मोठा तितका आवाज खुलतो’

या मेसेजसोबत बऱ्याचदा एक चित्र येतं: सीडीची लाट पायऱ्यापायऱ्यांची, हाय-रेझची गुळगुळीत. ते चित्र चुकीचं आहे. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणारी चिप; तिच्यातून बाहेर पडणारा सिग्नल पायऱ्यांचा नसतो. शेवटचा फिल्टर तो अखंड करतो, आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांतून २२ किलोहर्ट्झपर्यंतची लाट नेमकी उभी राहते. नमुने वाढवले की तीच लाट जास्त गुळगुळीत होत नाही, २२ च्या वरच्या कंपनांना जागा मिळते एवढंच. माणसाचं ऐकणं २० किलोहर्ट्झला संपतं, आणि वयानुसार ही मर्यादा खाली येत जाते. उलट, काही ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमध्ये ती वरची कंपनं एकमेकांत मिसळून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात नको ते सूर तयार करतात.

बिटांचंही तसंच. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. १६ बिटांनी सर्वात मोठा आवाज आणि तळाची खरखर यांत ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. २४ बिटांचे कागदावर १४४ होतात, पण इतकी शांतता प्रत्यक्षातला कुठलाही डॅक देत नाही. शांत खोलीतच ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. २४ बिट कामाचे आहेत ते रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्याला, कारण त्याला पातळ्या खालीवर करायच्या असतात. तयार गाणं ऐकणाऱ्याला १६ पुरतात.

संशोधन पूर्ण एका बाजूला झुकलेलं नाही, तेही सांगायला हवं. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून लोकांना ओळखायला लावलं. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी निघाली ५२.३ टक्के: फरक आहे, पण फार बारीक, आणि कानांना आधी तालीम दिलेल्यांमध्ये तो जास्त दिसला. हे प्रयोग शांत जागी, चांगल्या वायरच्या यंत्रणेवर होतात. धावत्या गाडीत इअरबडवर तो फरक जाणवेल अशी अपेक्षा धरू नये.

मग हाय-रेझ आवृत्ती कधीकधी खरंच वेगळी का वाटते? बहुतेक वेळा तिचं मास्टरिंगच, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवणंच, वेगळं असतं. आवाज कमी दाबलेला, बास वेगळा बसवलेला. याची खात्री करायची तर हाय-रेझ फाइल स्वतः १६ बिट ४४.१ वर उतरवा आणि मूळ फाइलशी ताडून बघा.

वायर लावून ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बरेच अँड्रॉइड फोन सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झवर बदलून पुढे पाठवतात, त्यामुळे १९२ ची फाइल हेडफोनच्या अडॅप्टरपर्यंत ४८ होऊनच पोचते. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅकला आवाज न बदलता देण्याची सोय आली, पण ती ॲपने वापरायला हवी. दुसरं, टाइप-सी ते ३.५ मिमीचे अडॅप्टर दोन जातींचे असतात. एकात डॅक असतो, दुसऱ्यात नुसत्या तारा. तारांचा अडॅप्टर चालायला फोनमधूनच ॲनालॉग आवाज बाहेर यावा लागतो. बऱ्याच फोनमध्ये ती सोय नसते, आणि अडॅप्टर खराब समजून परत केला जातो. घेतानाच ‘डॅक असलेला’ असं विचारून घ्या.

‘जुनी एमपी३ फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट करा’

करू नका. एमपी३ हा लॉसी प्रकार आहे आणि फ्लॅक लॉसलेस. पण एमपी३ बनवताना जे टाकलं गेलं ते फ्लॅक परत आणत नाही, उरलेलं तेवढं मोठ्या डब्यात भरतं. पाच मिनिटांचं १२८ किलोबिटांचं गाणं ४.८ एमबीचं असतं, कन्व्हर्ट केल्यावर कितीतरी पट फुगतं आणि आवाज तोच राहतो. गाण्यातले सूर किती किलोहर्ट्झपर्यंत जातात ते चित्रात दाखवणाऱ्या स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये अशी फाइल टाका. १६-१७ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते, तिच्या वर नुसता काळा पट्टा. विकत घेतलेल्या फ्लॅकमध्येही अशी रेघ दिसली तर तो कदाचित एमपी३ वरूनच बनवलेला असेल. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र वरचे सूर मुळातच नसतात, तिथे ते हळूहळू विरत जातात, त्यामुळे नुसता काळा भाग बघून निकाल देऊ नका.

‘फरक कळला नाही तर कान तपासून घ्या’

या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती चुकीचं सांगून वर ऐकणाऱ्यालाच लाजवते.

इअरबडवर आवाज खऱ्या अर्थाने बदलतो तो रबरी टिपने. बासचं गाणं लावा आणि इअरबड बोटाने हलकेच आत दाबा. बास एकदम भरून आला तर टिप लहान आहे, फटीतून बास निसटतोय. एक माप मोठी टिप लावा. दोन्ही कान वेगवेगळे तपासा, कारण एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठी लागणं अगदी नेहमीचं आहे. एक बाजू हळू वाजत असेल तर जाळीवर मळ साचलाय का ते उजेडात धरून बघा, आणि जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, म्हणजे मळ आत जाणार नाही.

तुलना करताना सर्वात जास्त फसवतो तो व्हॉल्यूम. एक आवृत्ती जेमतेम १ डेसिबलने मोठी असली तरी ती मोठी नव्हे, ‘चांगली’ वाटते. म्हणून ॲप बदलून, सेटिंग बदलून ऐकलेल्या तुलनांवर विश्वास ठेवू नका. चाचणी अशी करा. विंडोजवर गाणी वाजवणारा फूबार२००० प्रोग्रॅम आणि दोन फाइलींची तुलना करणारं त्याचं एबीएक्स कंपॅरेटर घ्या, दोन्ही फुकट आहेत. एक खरं लॉसलेस गाणं घ्या, त्याच फाइलवरून २५६ किलोबिटांची एएसी बनवा. दोन्ही निवडून राइट क्लिक, युटिलिटीज, एबीएक्स टू ट्रॅक्स. हेडफोन वायरचे वापरा. प्रोग्रॅम दोन्ही लपवून वाजवतो, तुम्ही ओळखायचं. किती वेळा करायचं ते आधीच ठरवा, १६ चांगला आकडा आहे. मनासारखं उत्तर आलं की मध्येच थांबलात तर चाचणी फुकट जाते.

१६ पैकी ९ किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही १०० पैकी ४० वेळा घडतं, तो फरक ऐकू आल्याचा पुरावा नाही. १२ किंवा जास्त येणं अंदाजाने १०० पैकी चारच वेळा घडतं. १२ आले तर वायर लावून लॉसलेस ऐका, १६ बिट ४४.१ वर. ९ आले तर २५६ ठेवा: तासाला ११५ एमबी लागतात, आणि २४ बिट १९२ ला आवळून साठवल्यावरही दोन जीबीच्या वर.