‘डोळ्यांना फरक दिसत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

‘एक वाचक’ यांस,

व्हिडिओच्या क्लिप री-एन्कोड न करता, म्हणजे चित्र उलगडून पुन्हा नव्याने न दाबता, एफएफएमपेग या प्रोग्रॅमने जशाच्या तशा जोडण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘अर्धवट माहिती देऊन लोकांना उल्लू बनवू नका. री-एन्कोड केलं तरी डोळ्यांना काही फरक दिसत नाही. तुमच्या पद्धतीने आवाज मागेपुढे होतो. यादीची फाइलही धड समजावलेली नाही.’

जोडायच्या क्लिपची नावं ज्या फाइलमध्ये लिहितात, त्या यादीचं मान्य. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव एकेरी अवतरणात घालायचं, हे राहिलं होतं. लेखात टाकलंय. पण ‘उल्लू’? एफएफएमपेग फुकट, लेख फुकट, मी काय विकतोय? स्वतःचं नाव न सांगता दुसऱ्याच्या ओसरीवर येऊन असं बोलायचं, ही कुठली रीत?

आता तुमचे डोळे. मी २००५ पासून लग्नांचं शूटिंग करतो. मिनी डीव्हीची तासाभराची टेप म्हणजे १३ जीबी, आणि ती कॅप्चर करायलाही तासच लागायचा. पुढे कार्डवाले कॅमेरे आले. कार्डावर फाइली साठवण्याच्या एफएटी३२ या पद्धतीमुळे ४ जीबी भरले की कॅमेरा फाइल तोडायचा, आणि तोडणार नेमकी मंगलाष्टकात! २०१३ साली एका लग्नाचे सहा तुकडे मीही ‘काय फरक पडतो’ म्हणत री-एन्कोड करून जोडले. ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या आणि नवरीच्या चेहऱ्याभोवती चौकोनच चौकोन. मुंडावळ्यांचे मोती चिकटून एक पांढरी रेघ झाली. हवेत शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. आधीच्या फ्रेमवरून पुढची बांधणाऱ्या एन्कोडरला तिथे धरायला काही मिळत नाही. कॅमेऱ्याने एकदा गाळलेलं आपण दुसऱ्यांदा गाळतो, दुसरं काय! नवरीच्या मामांना फरक दिसला. त्यांनी निम्मेच पैसे हातावर ठेवले.

सीआरएफ, म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा (जितका लहान तितकं चित्र चांगलं), १८ ठेवा म्हणाल. ठेवा की. न सांगता एक्स२६४ हा एन्कोडर २३ वर चालतो, आणि आकडा बदलणारे किती? शिवाय माझ्या लॅपटॉपला त्यात रात्र जाते. माझ्या लेखातल्या ‘-सी कॉपी’ या आज्ञेला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो, कारण ते चित्र उलगडतच नाही. रेल्वेचे डबे जोडावेत तसा आहे तो डेटा एकामागे एक लावतं.

आवाजाचं म्हणाल, तर ‘एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच सेटिंगच्या क्लिप’ हे पहिल्याच परिच्छेदात आहे. वाचायचे कष्ट घ्या. मध्येच मोबाइलची क्लिप घुसवलीत तर आवाज पळणारच. जोडाच्या जागी कधीकधी एएसी या आवाजाच्या फॉरमॅटची बारीक टिचकी येते, पण ती ऐकायला कान लावून बसावं लागतं.

त्या लग्नाचे मूळ तुकडे आणि बिघडलेली फाइल, दोन्ही माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. पाठवतो. मोबाइलवर नको, टीव्हीवर बघा. आणि पत्ता कळवताना या वेळी नाव लिहा.