कमी चालेल, जास्त नको

मे महिन्यात नागपुरातला शहाणा माणूस दुपारी कूलरसमोरून उठत नाही. आमच्या ऑफिसात मात्र संगणकांची प्रत्यक्ष पडताळणी नेमकी मे महिन्यातच निघते. मार्चअखेरची धांदल संपते, एप्रिल तिचा शीण काढण्यात जातो आणि मग कुणाला तरी केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१३ आठवतो. मालमत्ता वर्षातून किमान एकदा तपासावी आणि निकाल नोंदवहीत लिहावा, असं तो सांगतो. नियम लिहिणाऱ्याच्या खोलीत एसी असावा.

समितीत तिघं. भांडार सांभाळणारे काकाजी, लेखा शाखेच्या मॅडम आणि ‘तुम्हाले कॉम्प्युटरमधलं समजते ना’ एवढ्या पात्रतेवर मी.

काकाजींच्या काखेत जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे ऑफिसातल्या टिकाऊ सामानाची वही. तिच्यात एका ओळीत लिहिलेलं असतं, ‘संगणक संच, १’. संच म्हणजे कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस. खरेदीच्या दिवशी ही मंडळी एका टेबलावर नांदत होती. पुढे जुन्या वाड्यातल्या भावांसारख्या त्यांच्या वाटण्या झाल्या. मॉनिटर आस्थापना शाखेत, कॅबिनेट वरच्या मजल्यावर, आणि यूपीएस शिपायांच्या खोलीत टेबलफॅनच्या सेवेत. ओळ एक, पत्ते पाच. ‘आढळला’ लिहायचं की नाही?

सिरियल नंबराचं स्टिकर कॅबिनेटच्या पाठीला, आणि पाठ भिंतीला. म्हणजे मी टेबलाखाली आडवा, काकाजींच्या हातात मोबाईलची बॅटरी, मॅडमच्या हातात यादी.

“आठ आहे की बी?”

“मॅडम, शाई उडाली. काहीही समजा.”

“समजा कसं? ऑडिट आहे!”

मग मी हुशारी काढली. यंत्र सुरू करून आज्ञा दिली की बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, साठवलेला नंबर पडद्यावर येतो, स्टिकरची गरजच नाही. तिघांची डोकी पडद्यावर वाकली आणि उत्तर आलं, ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ म्हणजे ही जागा बनवणाऱ्यानं भरायची होती. त्यानं भरली नाही. सुटे भाग जुळवून तयार केलेल्या संगणकांत असं हमखास निघतं. मॅडमनी ते सुवाच्य अक्षरात सिरियल नंबराच्या रकान्यात उतरवून घेतलं. पुढच्या टेबलावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. कागदोपत्री आमच्याकडे एकच संगणक आहे आणि तो एकाच वेळी सगळ्या शाखांत बसतो.

कोपऱ्यातलं एक कॅबिनेट मी एका हातानं उचललं तेव्हाच शंका आली. झाकण काढलं. मदरबोर्ड नाही, रॅम नाही, हार्ड डिस्क नाही. एक पंखा होता, तोही बिनतारेचा. गेली कित्येक वर्षं दर वेळी ‘आढळला, सुस्थितीत’ असा शेरा त्याच्यापुढे आहे. काकाजींना विचारलं तर म्हणाले, “मंग? डब्बा आहे ना सुस्थितीत!”

जे सापडलं नाही, त्याचा मात्र कुणाला ताप नव्हता. न सापडण्याची कारणं आमच्याकडे तयार असतात. ‘अधिवेशनाच्या गडबडीत दुसऱ्या शाखेनं तात्पुरता नेला’ हे त्यातलं सदाबहार. हिवाळी अधिवेशन दर डिसेंबरात जातं, प्रिंटर काही येत नाही. साहेबांचा लॅपटॉप घरी. पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर बंद झाकणाचा फोटो आला. तो घोड्याचा की गाढवाचा कळू नये, इतका जवळून काढलेला.

मेलेल्यांचंही कठीणच. कंपनी कायदा संगणकाला ३ वर्षांचं आयुष्य देतो. आमच्याकडे निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदवहीतून काढून टाकण्याची, फाइलच त्याहून जास्त जगते. गल्लीतला भंगारवाला ओरडत जातो, पण त्याला द्यायची सोय नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आमच्यासारख्यांनी माल नोंदणीकृत संस्थेलाच सोपवायचा. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसंगं धाडून देऊ,” काकाजी म्हणाले. मारबत म्हणजे त्या दिवशी नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा. “इडा पिडा घेऊन जाते, हे नाही नेणार का?”

इथवर सगळं हसत चाललं होतं. मग जिन्याखालचा प्रिंटर नोंदवहीत सापडेना.

तसा तो कुणाला माहीत नाही असं नाही. सगळं ऑफिस त्याच्यावरच छापतं. बाकीच्यांना कधी टोनर नसतो, कधी मूड. पण बिल नाही, पावती नाही, एकाही पानावर ओळ नाही. मॅडम खुर्चीत बसल्या. वस्तू कमी पडली तर स्पष्टीकरण मागतात, वसुली होते, विषय मिटतो. जास्त निघाली तर? आली कुठून, दिली कुणी, कशाच्या बदल्यात? शाखा-शाखांत विचारलं. काल रांगेत भांडणारे आज त्याला ओळखेनात. “आम्ही नाही वापरत बाप्पा,” हे म्हणणाऱ्या बाईंची पाच पानं तेव्हा ट्रेमध्ये पडत होती.

“अधिवेशनात गेलेला हाच तर नसन?” मी सुचवलं. काकाजींनी वही उघडली. गेलेला काळा होता, हा पांढरा.

“उन्हानं उडला असन रंग,” काकाजी म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वही मिटली.

शेवटी अहवालात त्याचा उल्लेखच करायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं. ‘नोंदीबाहेरची कोणतीही वस्तू आढळली नाही’ हे वाक्य मॅडमनी स्वतः टाइप केलं आणि तीन प्रतींसाठी आज्ञा दिली. वरच्या प्रिंटरचा टोनर संपला होता, म्हणून त्या जिन्याखाली निघाल्या. तिसऱ्या प्रतीला कागद अडकला.

मी प्रिंटरला दोन-चार चापट्या मारल्या, वर ओरडलोही. “ओरडून काय फायदा,” काकाजी म्हणाले, “तो आहेच नाही ना. कोनाले बोलून राह्यले?”