जांभळी नाक्यावर जांभळी मेणबत्ती

ठाण्यात जांभळी नाक्यावर जांभळी मेणबत्ती मिळत नाही. हसणाऱ्यांनी आधी स्वतः जाऊन मागून बघावी.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हिरव्या पाल्याच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवायच्या, पहिल्या रविवारी एक पेटवायची आणि पुढे दर रविवारी एक वाढवायची. पहिली, दुसरी आणि चौथी जांभळी, पश्चात्तापाच्या रंगाची. तिसरी गुलाबी, कारण त्या रविवारी ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ म्हणायचं असतं. तीन अधिक एक. हिशेबही अवघड नाही.

“पांढरी आहे, लाल आहे,” दुकानदार म्हणाला.

“जांभळी?”

“जांभळी कोण घेतं?” असं म्हणत त्याने माळ्यावरून काचेच्या बरणीतली जाडजूड लॅव्हेंडर मेणबत्ती काढली. “वासाची आहे. डोकं शांत होतं.”

माझं होत नव्हतं. अशी रुंद मेणबत्ती पाव तास जाळून विझवली की वातीभोवतीच खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं आणि पुढच्या वेळी वात त्या मेणात बुडते. हे मी सांगितलं. त्याने बरणी पुसून परत वर ठेवली आणि विचारलं, “वाढदिवस आहे का कोणाचा?”

“तसंच समजा.”

“मग आकडे घ्या ना! कितवा?”

नाताळ, असं मी सांगितल्यावर तो विचारात पडला आणि मग खुलला. “दोन, शून्य, दोन, पाच. चारच पायजेत ना तुम्हाला? बसतात!”

बायबलातला हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला आणि येशूचा जन्म त्याच्या हयातीतला, त्यामुळे येशूच्या जन्मापासून मोजलेला तुमचा आकडा निदान चार-पाच वर्षांनी चुकतोय, हे सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारी कापूर घेत उभे असलेले काका मध्ये पडले.

“तीन एका रंगाच्या का?”

मी थोडक्यात सांगितलं.

“तीन म्हणजे दत्तगुरू,” काकांनी निकाल दिला. “अहो, आपल्याकडे आहे सगळं. चौथी कोणती?”

“गुलाबी. आनंदाची.”

“आनंद वेगळा कशाला काढायचा? चारही गुलाबी घ्या, सगळाच आनंद.”

“आधी वाट बघायची असते, काका.”

“कोणाची?”

“येशूच्या जन्माची.”

“पण तो तर झालाय ना?”

या प्रश्नावर धर्मशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ आहेत. काकांना कापराचे सुट्टे पैसे परत हवे होते. ते मिळाल्यावर माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, “पण मराठी छान बोलता हो तुम्ही! गोव्याच्या का?”

इथे माझा विनोद संपतो. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी साडेदहा हजारांहून जास्त ओव्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्या उपासनेत आजही टाळांवर म्हटली जातात. तरीही डिसेंबर आला की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मराठीला उत्तेजनार्थ बक्षीस ठरलेलं. मी “हो” म्हणाले. दर वेळी कोण भांडत बसणार.

आता चक्राचं सांगते, कारण ज्यांना करायचंय त्यांना काका नव्हे, माप लागेल. स्टीलच्या ताटात इंचभर ओली वाळू घ्या. त्यात पाऊण इंच जाडीच्या, आठ इंच उंचीच्या चार मेणबत्त्या रोवा. अशी मेणबत्ती तासाला साधारण इंचभर जळते. रोज संध्याकाळी पाव तास धरला, तर पहिलीच्या वाट्याला जास्तीत जास्त अठ्ठावीस संध्याकाळी येतात, म्हणजे सात इंच. चौथी एक ते सातच दिवस जळते. २०२३ साली चौथा रविवार चोवीस डिसेंबरलाच आला होता. उंचीची अशी उतरंड झालेली पाहून समजायचं की काम बरोबर चाललंय. वात पाव इंच ठेवा, पंखा बंद करा, नाहीतर ज्योत कलते आणि एका बाजूने मेणाचा ओघळ लागतो. पाला सुरूचा घ्या. अशोकाची पानं चार दिवसांत वाळून कुरकुरीत होतात. प्लॅस्टिकची हिरवी माळ तर अजिबात नको, ती पेटते. आणि पांढऱ्या मेणात मुलांचे खडू वितळवून जांभळा रंग आणण्याचा जो उपाय सगळे सांगतात, तो करू नका. खडूतला रंग वातीत अडकतो आणि ज्योत मरते. पांढरीच लावा, ताटाखाली जांभळा कागद ठेवा. हे चक्रही बायबलात नाही, रंगही नाहीत.

१८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखेर्न गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. म्हणजे दुकानदाराकडे मूळ सेट तयार होता. हे मी त्याला कधीही सांगणार नाही.

विखेर्न मला आवडतात, कारण त्यांनी प्रश्नाला चाक दिलं, प्रवचन नाही. आमच्याकडे उलटं. नाताळची करंजी तेलात फुटली की कोणीतरी वडीलधारं मनुष्य “आपलं मनही असं फुटू देऊ नये” म्हणून घेतं. अहो, सारण ओलं होतं म्हणून फुटली! खोबरं कोरडं भाजा, कडेला दुधाचं बोट फिरवा, मुरड घट्ट घाला. पोरं करंज्या भरायला हौसेने बसतात आणि बोध सुरू झाला की एकेक करून पाणी प्यायला उठतात. लहानग्याने “आज एकच का पेटवली?” असं विचारलं, तर एका वाक्यात सांगावं आणि काडेपेटी पुढच्याच्या हातात द्यावी. न विचारता सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

नाताळात मांडतात त्या गोठ्याचंही तेच. बाळ येशूला भेटायला लांबून आलेले तीन राजे पहिल्याच दिवशी गव्हाणीपाशी उभे करतात. बायबलात मत्तय दुसऱ्या अध्यायात सांगतो की ते घरात आले, गोठ्यात नव्हे. ते किती जण होते, हेही तो सांगत नाही. सोनं, ऊद, गंधरस अशा भेटी तीन, म्हणून राजे तीन. पोरांना हे एकदा कळलं की त्यांना मजा येते. राजांना टीव्हीच्या कपाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं आणि रोज चार बोटं पुढे सरकवत सहा जानेवारीला, म्हणजे त्यांच्या भेटीच्या सणाला, पोचवायचं. बाळाची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत हळदीच्या रिकाम्या डब्यात.

एकच अडचण. सकाळी कपाट पुसायला मावशी येतात. “पाहुणे लांब का ठेवलेत?” म्हणत तिन्ही राजे उंटांसकट गोठ्यात नेऊन दाटीवाटीने बसवतात आणि मेंढरं बाहेर काढतात, जागा होत नाही म्हणून. संध्याकाळी पोरं बोंबलतात, राजांना उचलून पुन्हा परत कपाटाच्या टोकाला. मावशींना मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, “ताई, एवढ्या लांबून आलेत, उभं कशाला ठेवायचं?”