वालेन्झुएलाचा हंगाम आठ सामन्यांत संपला नव्हता

लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) फर्नांडो वालेन्झुएला याच्याविषयी एक दावा वारंवार केला जातो: १९८१ चा त्याचा पहिला पूर्ण हंगाम म्हणजे पहिले आठ सामने आणि उरलेला नुसता गाजावाजा, खेळाडूंच्या संपामुळे हंगाम तोकडा झाला, म्हणून सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याच्या पदरात पडला.

यातला खरा भाग आधी मान्य करतो. पहिल्या आठ सामन्यांतल्या ७२ डावांत (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ डाव असतात) त्याच्या खात्यावर अवघ्या ४ धावा लागल्या आणि आठही सामने त्याने जिंकले. पुढे मात्र ५ विजय आणि ७ पराभव झाले. परंतु प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता एकट्याने पूर्ण टाकलेले त्याचे सामने हंगामअखेर ८ होते आणि त्यांपैकी ३ या तथाकथित घसरणीच्या काळातले आहेत.

संपाचा मुद्दा तर उलटाच पडतो. १२ जूनपासून सुमारे दोन महिने खेळ बंद होता तो सर्वांसाठीच, आणि त्या तोकड्या हंगामातही डॉजर्स खेळतात त्या नॅशनल लीगमध्ये (अमेरिकी बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी एक) टाकलेले सर्वाधिक डाव (१९२ आणि एक तृतीयांश) आणि सर्वाधिक स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, (१८०) त्याचेच होते. शिवाय १४ विजय आणि २ पराभव अशी कामगिरी करणाऱ्या पिचर टॉम सीव्हरपेक्षा त्याला पुरस्काराच्या मतदानात फक्त तीन गुण जास्त मिळाले, ७० विरुद्ध ६७. मतदार प्रसिद्धीने भारावलेले असते, तर निकाल इतका अटीतटीचा लागला नसता.

गाजावाजा खोटा नव्हता, पण तो नंतर आला. ९ एप्रिलला डॉजर्सचा पिचर जेरी रॉईस जखमी झाला म्हणून मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातून आलेल्या या वीस वर्षांच्या डावखुऱ्या पिचरला ऐनवेळी उभे केले गेले आणि त्याने ह्यूस्टनच्या संघाला २-० ने हरवले. उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळणारा त्याचा स्क्रूबॉल हा चेंडू जाहिरातीने वळत नव्हता.

आणि दावा करणारे सोयीस्करपणे विसरतात तो ऑक्टोबर. वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे आधी चार सामने जिंकणाऱ्याला विजेतेपद देणाऱ्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्कच्या यँकीज संघाविरुद्ध डॉजर्स ०-२ ने मागे असताना तिसरा सामना त्याच्याकडे आला. त्या रात्री त्याची लय हरवली होती: त्याच्या चेंडूंवर ९ हिट (यशस्वी फटके), ७ वॉक (चार चुकीचे चेंडू टाकल्याने फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस), ४ धावा. तरीही व्यवस्थापक टॉमी लसोर्डाने त्याला काढले नाही, त्याने सुमारे दीडशे चेंडू टाकून सामना स्वतःच संपवला आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले. पुढचे तिन्ही सामनेही त्यांनीच घेतले.