‘त्यात दुर्मीळ काय?’ : एका घड्याळवेड्याला उत्तर

घड्याळवेडे साहेब,

(सही तुम्ही अशीच केली आहे, म्हणून हाकही तीच.) तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वहीत टिपून घेतली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पॅरिसचा जुना नामवंत घड्याळजी ब्रेगे याच्या प्रवासी घड्याळावर, म्हणजे कॅरेज क्लॉकवर, मी लिहिलं होतं. साहेबांचं म्हणणं असं की प्रवासात न्यायची घड्याळं ब्रेगेच्या आधीपासून होती. फ्रेंच बोलणाऱ्या, पॅरिसात मुरलेल्या माणसाला ‘परका कारागीर’ म्हणणं म्हणजे उगाच कणव गोळा करणं. आणि ‘दुर्मीळ’ तर अजिबात नाही, कारण त्यांच्या मामांच्या दिवाणखान्यात तसंच घड्याळ आहे, तबकडीवर ठसठशीत ‘ब्रेगे, पॅरिस’ लिहिलेलं.

पहिला मुद्दा मान्य. डोक्यावर घंटा आणि कडी असलेली, पूर्व फ्रान्सच्या फ्रांश-कोंते भागातली ‘कापुसिन’ घड्याळं मी विसरलोच होतो. लेखातला ‘पहिलं’ हा शब्द काढून टाकला आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. अब्राहम-लुई ब्रेगे १७४७ साली न्यूशातेलला जन्मला. आज ते गाव स्वित्झर्लंडात आहे, तेव्हा तिथं राज्य होतं प्रशियाच्या राजाचं. घराणं मूळचं फ्रेंच, पण प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि जी कुटुंबं देशोधडीला लागली, त्यांतलं हे एक. म्हणजे पूर्वजांना जिथून हाकललं, तिथंच पोरगा पंधराव्या वर्षी काम शिकायला आला. वडील आधीच वारलेले, सावत्र वडील घड्याळाच्या धंद्यातले. १७७५ साली त्यानं सीन नदीकाठी दुकान थाटलं, राजदरबारात नाव कमावलं, आणि नेमकं तेच क्रांतीच्या काळात अंगाशी आलं. १७९३ मध्ये जीव वाचवायला पॅरिस सोडावं लागलं. बाहेर पडायचा परवाना मारानं मिळवून दिला असं सांगतात. हा मारा कोण? क्रांतीतला जहाल पुढारी, पण जन्म न्यूशातेलजवळच्या बूद्रीचा. थोडक्यात, गाववाला कामी आला! १७९५ मध्ये ब्रेगे परतला आणि धंद्याची घडी पुन्हा पहिल्यापासून बसवली. असा माणूस परका नव्हे, तर परका कोणाला म्हणायचं?

आता मामांचं घड्याळ.

माझ्याकडेही एक आहे. बारा वर्षांपूर्वी चोर बाजारात घेतलं. आधीच्या मालकानं चिंच-मीठ लावून इतकं घासलं होतं की सोन्याचा मुलामा कोपऱ्यांत फक्त नावाला उरलाय. तबकडीवर लंडनच्या एका दुकानाचं नाव. घरी आणून मागचं काचेचं दार उघडलं. चावीची दोन भोकं, एक चालीचं, एक टोल्यांचं. आत टॉर्च मारला, तर साखळी कुठंच नाही. इंग्रजी बनावटीत बहुतेकदा निमुळत्या शंकूवर बारीक साखळी गुंडाळलेली असते. स्प्रिंग उलगडत जाते तसा तिचा जोर कमी होतो आणि तो फरक हा शंकू भरून काढतो. फ्रेंच घड्याळांत हा खटाटोप नाही, स्प्रिंगचा डबा थेट चाकांना जोडलेला. तेव्हा माझं ‘लंडन’ निघालं फ्रान्सचं. नाव विकणाऱ्याचं, हात दुसऱ्याचे.

असे हात हजारो होते. १८३० च्या सुमारास पॅरिसमध्ये पॉल गार्निएनं या घड्याळाची सोपी, स्वस्त आवृत्ती काढली. पुढं नॉर्मंडीतलं सँ-निकोला-दालिएर्मों हे गावच्या गाव याच कामाला लागलं. तिथून अर्धवट जुळवलेली यंत्रं पॅरिसला जायची, तयार माल लंडनला, आणि गोऱ्या साहेबांच्या सामानातून काही आपल्याकडं. त्यामुळं कॅरेज क्लॉक दुर्मीळ नाही, हे तुमचं शंभर टक्के खरं.

मी दुर्मीळ म्हणालो ते ब्रेगेच्या हयातीत त्याच्या कारखान्यातून निघालेल्या घड्याळांना, आणि ती खरंच मोजकी आहेत. एप्रिल १७९८ मध्ये, इजिप्तच्या मोहिमेवर निघण्याआधी, नेपोलियननं ब्रेगेकडून तीन वस्तू घेतल्या. त्यांतलं एक प्रवासी घड्याळ, क्रमांक १७८. त्यात तारीख दिसायची, आणि मागं वाजलेले टोले पुन्हा ऐकायची सोय होती. अंधाऱ्या तंबूत मेणबत्ती शोधत बसायला नको, बटण दाबलं की टोले मोजायचे. लंबक नाही, त्याजागी मागंपुढं फिरणारं बॅलन्सचं चाक. त्यामुळं गाडी खड्ड्यात आदळली तरी घड्याळ बंद पडत नाही. माझ्या घड्याळात हे चाक वर, काचेच्या खिडकीखाली दिसतं. टेबलाला गुडघा लागला तर त्याची चाल क्षणभर बिचकल्यासारखी वाटते, तेवढंच.

राहिलं तबकडीवरचं ‘ब्रेगे’. हे नाव त्याच्या हयातीतच इतकं चोरलं गेलं, की १७९५ च्या सुमारास तो खिशातल्या घड्याळांच्या तबकडीवर बाराच्या आकड्याखाली चोरसही कोरू लागला. उजेड तिरपा पडला तरच ती दिसते. त्यात आणखी एक गोम आहे. तो १८२३ मध्ये गेला, दुकान चालूच राहिलं, आणि नातवानं तारायंत्राच्या नादात घड्याळांचा धंदा १८७० मध्ये एका इंग्रजाला विकला. नाव तेच राहिलं. म्हणजे मामांचं घड्याळ नकली असेल, किंवा अस्सल असूनही ब्रेगेचा हात न लागलेलं असेल.

‘एकट्याचंच नाव का घेता, कामगारांचं काय?’ असं तुम्ही जाता जाता विचारलंय. बरोबर विचारलंय. त्या कारखान्यात डेन्मार्कचा युर्गनसन शिकून गेला, लंडनचा घड्याळजी आर्नल्ड याचा मुलगा राहून गेला. त्यांच्यावर वेगळा लेख लिहितो.

तोवर एक करा. मामांकडे जाल तेव्हा घड्याळाचं मागचं दार उघडून क्रमांक शोधा. ब्रेगे प्रत्येक नगाला क्रमांक द्यायचा आणि तो कोणाला, कधी, केवढ्याला विकला हे खतावणीत लिहून ठेवायचा. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. क्रमांक सापडला तर इथंच कळवा, फोटोसकट. आणि मामींना सांगा, तोवर चिंच लावू नका.