बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको?

गाडीच्या रेडिएटरमध्ये भरायच्या कूलंटबद्दल सध्या फिरणारा मेसेज असा: ‘कोल्हापुरात बर्फ पडत नाही, कूलंट ही कंपन्यांची लूट. पाणी उकळून भरा, वर थोडं लेथचं कूलंट टाका. आजोबांच्या जीपा पाण्यावरच चालल्या.’ कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी रोज इंजिनांची हेड (सिलिंडरवरची झाकणं) उघडतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

बर्फाचं म्हणणं खरं. पण गोठण रोखणं हे कूलंटचं एक काम. करूळ घाट चढताना उपयोगी पडतो तो त्याचा उत्कलनबिंदू: निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), निम्मं पाणी साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातली गंजरोधक रसायनं.

आजोबांच्या जीपचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य भाग, बिडाचा, हेडही बिडाचं. आज बऱ्याच गाड्यांत बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड बसतं. दोन धातू एकाच पाण्यात भिजले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि झिजतं अ‍ॅल्युमिनियम. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तेच त्याचं चिलखत. पाण्यातल्या मिठासारख्या क्षारांतलं क्लोराइड नेमकं ते जागोजागी भेदतं. फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करून घ्यायला) येणाऱ्या हेडवर मला हेच दिसतं: पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या, आत पांढरी भुकटी. खड्डा हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटच्या (सीलच्या) रेघेपर्यंत पोचला की पाणी सिलिंडरमध्ये. खड्डा खोल असेल तर नुसत्या फेसिंगने भागत नाही, आर्गन वेल्डिंग करून मग फेसिंग. त्या बिलापुढे कूलंटचा डबा काहीच नाही, मग लूट कुठली?

उकळून काय होतं? थोडा क्षार तळाशी बसतो. क्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. बोअरच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलं असेल तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच मिसळा.

लेथच्या दुधाळ पाण्याला आपण कूलंटच म्हणतो, गोंधळ तिथलाच. ते पाण्यात मिसळलेलं तेल आहे. रेडिएटरच्या होजचं (नळीचं) रबर त्याने फुगतं.

रस्त्यात पाणी कमी पडलं तर साधं पाणी ओतून घरी या, माझी हरकत नाही. मात्र नंतर ते काढून नीट कूलंट भरा. आणि रंग छान दिसतो म्हणून वर्षानुवर्षं तेच ठेवू नका. रंग टिकतो, गंजरोधक संपतात. बदलायची मुदत गाडीच्या पुस्तकात छापलेली असते.