लॉटरी कशी लागू देऊ नये

वाडीतला साकव यंदाही पहिल्याच पुरात वाहून गेला असेल आणि शाळेच्या छपराची कौले अजून बसवायची राहिली असतील, तर ग्रामसभेत ठराव मांडून उगाच घसा कोरडा करू नये. एस.टी. स्टँडालगतच्या टपरीवर जावे आणि दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या तिकिटांपैकी एक विकत घ्यावे. घरपट्टीचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारा माणूस इथे आपण होऊन सुटे पैसे काढतो, वर शेवटचे आकडे पारखून घेतो. इतका प्रसन्न करदाता कोणत्याही तहसील कचेरीला आजवर लाभलेला नाही.

हा मार्ग राजमान्य आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने १५६७ मध्ये बंदरांच्या डागडुजीसाठी लॉटरी जाहीर केली, १५६९ मध्ये सोडत काढली आणि तिकीट घेणाऱ्यांना किरकोळ गुन्ह्यांत अटकेपासून अभयही दिले. खून, राजद्रोह आणि चाचेगिरी यांना मात्र ही सवलत नव्हती. आंग्र्यांच्या किनाऱ्यावरील वाचकांनी ही अट विशेष ध्यानात घ्यावी. तिकिटे अपेक्षेइतकी खपली नाहीत, हे जेटीतला गाळ उपसला जाण्याची वाट पाहत बसलेल्यांना सांगण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाऊन हॉलची हकीकत अधिक उद्बोधक आहे. त्यासाठी लॉटरी काढली, ती पुरली नाही. १८२१ मध्ये सुरू झालेले काम पैशांअभावी अडत अडत १८३३ मध्ये पुरे झाले, तेही उरलेला खर्च सरकारने उचलला म्हणून. अखेर तिजोरीच उघडायची होती, तर ती आधीच का उघडली नाही, असे विचारणाऱ्याला लोककार्यातले काही कळत नाही.

जुगार वाईट असतो, याचा मात्र विसर पडू देऊ नये. तो व्यापारात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्याच्याच एका खटल्यात सांगितले आणि राज्याने चालवलेली लॉटरीही जुगारच, हे १९९९ मध्ये स्पष्ट केले. खाजगी माणसाने लॉटरीचे कार्यालय थाटले तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्र शासन १९६९ पासून तेच करते, तेव्हा त्याला महसूल म्हणतात. १९९८ च्या लॉटरी कायद्याने एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी आहे. त्यामुळे मासळी बाजारामागे मटक्याचा ‘सिंगल’ लावणारा गुन्हेगार ठरतो आणि लांबलचक क्रमांकाचे तिकीट खिशात घालणारा राष्ट्राचा आधारस्तंभ. आकडे वाढले की पाप कमी होते, इतके साधे हे गणित आहे. आपल्या तिकिटाचे पैसे नेमके आपल्याच साकवाला लागले का, हेही विचारू नये. कायद्याप्रमाणे ते राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारच्या सामाईक खात्यात, जमा होतात, आणि समुद्राला मिळालेले वहाळाचे पाणी कोणी शोधत बसत नाही.

आता खरी काळजी घ्यायची ती बक्षिसाची. विक्रीतून बक्षिसे, विक्रेत्यांचे कमिशन आणि छपाई वजा जाता जे उरते, तेवढ्यावरच लोककार्य चालते. म्हणजे ज्याला लॉटरी लागली, त्याने साकवाची फळी उचलून घरी नेली, असेच समजावे. दहा हजारांवरच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापला जातो, त्याने अपराधाची बोच थोडी कमी होते, पण नाहीशी होत नाही. सुदैवाने हरण्याची सोय अत्यंत विश्वासार्ह आहे, आणि ज्यांची मिळकत तुटपुंजी, त्यांनाच या सेवेची ओढ अधिक असल्याने सधनांवर भार पडत नाही.

इतके करूनही भव्यतम सोडतीत आपलाच क्रमांक निघाला, तर धीर सोडू नये. मुदतीत न मागितलेले बक्षीस राज्याचेच होते, अशी तरतूद त्याच लॉटरी कायद्यात आहे. तिकीट कपाटात तळाशी, जुन्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवावे आणि मुदत टळेपर्यंत भाऊबंदांच्या कानी काही जाऊ देऊ नये. वाटणीच्या कागदावर सही करायला ज्यांना वीस वर्षे मुंबईहून सवड झाली नाही, ते सगळे दुसऱ्याच दिवशीच्या कोकणकन्येने उतरतील.